'ग्लीन' या क्रियापदाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी, एका शब्दावर दोन दिवस अडकलेय म्हणून विचारतेय. मी एका छोट्या लेखाचं मराठी भाषांतर करतेय, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका मजुराच्या बायकोबद्दल आहे, साधी खेड्यातली बाई, लिहिता वाचता न येणारी, त्यामुळे तिचं स्वतःचं असं एकही पत्र वगैरे मागे राहिलेलं नाही. त्यात एक वाक्य येतं, "द लिटल वी नो ऑफ हर हॅज बीन ग्लीन्ड फ्रॉम द पॅरिश रजिस्टर". मी लिहिलं, "तिच्याबद्दलची थोडीफार माहिती चर्चच्या नोंदवहीतून गोळा केली आहे." ज्या मॅडम माझं काम तपासतात त्यांनी 'गोळा केली'खाली पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, हा शब्द नाही, शोध.

आता शोधायला गेले तर डिक्शनरीत वेचणे, गोळा करणे, सरवा वेचणे असं सगळं एका ओळीत दिलंय. सरवा म्हणजे काय हे मला खरंच माहीत नाही, मी पुण्यात वाढले, घरात शेती कधी नव्हतीच. शिवाय थोडं पुढे गेल्यावर तेच क्रियापद परत आलंय, की दर ऑगस्टमध्ये ही बाई मुलांना घेऊन 'ग्लीन' करायला जायची, तिथे तर माहितीचा काही संबंधच नाही. मग हे दोन वेगळे अर्थ आहेत का एकच? 'ग्लीम'शी याचं काही नातं आहे का? आणि 'गार्नर', 'गॅदर' हे पण गोळा करणंच ना, मग फरक कुठे पडतो? कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा, घाई नाहीये, पण नीट समजून घ्यायचंय.

रानवाट

मृण्मयीताई, सरवा म्हणजे काय हे मी सांगते कारण मी तो वेचलेला आहे.

शेतातलं पीक काढून झालं, कणसं खुडून खळ्यावर गेली, की रानात काहीतरी मागे राहतंच. काढणाऱ्या बायकांच्या हातून निसटलेलं कणीस, पेंढी बांधताना गळालेलं, ताटाखाली दबलेलं, बैलगाडीत भरताना पडलेलं. ते जे मागे उरतं तो सरवा, आणि तो वेचायला जाणं म्हणजे सरव्याला जाणं. आमच्याकडे लातूर भागात ज्वारीचा सरवा असायचा, हरभऱ्याचा असायचा म्हणजे गळालेले घाटे, आणि भुईमुगाचा तर फारच, कारण भुईमूग उपटला की निम्म्या शेंगा मातीतच तुटून राहतात, मग खुरपं घेऊन बसायचं आणि एकेक वाफा उकरत जायचा. दिवसभर उकरून एखादी पाटी शेंगा व्हायच्या, कधी तेवढ्याही नाही.

माझी आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची आणि सुगी संपली की आम्हा दोघी बहिणींना घेऊन सरव्याला. मालकाला विचारायची पद्धत होती पण शक्यतो कोणी नाही म्हणायचं नाही, एकदा माल खळ्यावर गेला की रानात पडलेलं ते वेचणाऱ्याचं असंच सगळे धरून चालायचे. एक मालक मात्र असे होते की शेवटची गाडी बांधाबाहेर पडली रे पडली की लगेच गुरं सोडायचे, मग आम्ही गुरांच्या पुढे पळत पळत कणसं उचलायचो. आई म्हणायची वाकल्याशिवाय सरवा दिसत नाही. उभं राहून बघितलं तर रान रिकामंच दिसतं, खरंच तसंच असतं ते, खाली बसलं की मग एक इथे एक तिथे दिसायला लागतं.

म्हणून मला वाटतं तुमच्या मॅडमनी बरोबर रेघ मारली. 'गोळा करणे' म्हटलं की ढीग डोळ्यासमोर येतो, तो मालकाचा. सरव्यात ढीग कधी नसतोच, एकेक दाणा असतो. आणि त्या इंग्लंडमधल्या बाईचं ऑगस्टमधलं काम म्हणजे सरवाच असणार, दुसरं काही नाही.

शब्दखूण

रानवाट यांनी मूळ अर्थ अगदी नेमका सांगितला, आता मी जरा शब्दाच्या बाजूने भर घालतो.

दोन वेगळे अर्थ नाहीत, एकच आहे, आधी शेतातला आणि मग तोच माहितीला लावलेला. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला, जुन्या फ्रेंचमध्ये ग्लेने, आजच्या फ्रेंचमध्ये ग्लाने, त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं ग्लेनारे, आणि ते बहुधा रोमन लोकांच्या आधी फ्रान्समध्ये राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेतलं. म्हणजे लॅटिनमध्येसुद्धा तो शेतकऱ्यांच्या तोंडून वर आलेला दिसतो. 'ग्लीम'शी काहीही नातं नाही, तो चकाकण्याचा शब्द जर्मानिक घराण्यातला आहे, आवाज सारखा आहे इतकंच. परीक्षेच्या पेपरात मुलं या दोघांत हमखास गोंधळतात.

फ्रेंच येण्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, जुन्या इंग्रजीत लेसन, म्हणजे वेचणं, आणि काही बोलींमध्ये सरव्याला 'लीझिंग' म्हणणं बऱ्याच नंतरपर्यंत चालू होतं. (भाड्याच्या लीझशी त्याचा संबंध नाही.) जर्मनमध्ये तोच धातू आजही आहे, लेझन, आणि त्याचे दोन अर्थ आहेत, एक वेचणे आणि दुसरा वाचणे! सरव्याला ते एरनलेझं म्हणतात, कणसांची वेचणी. लॅटिनमध्येही लेगेरे म्हणजे वेचणे आणि वाचणे दोन्ही, त्यातूनच कलेक्ट, सिलेक्ट, इलेक्ट आले आणि लेक्चर, लेजंड पण आले. एकेक अक्षर वेचत जाणं म्हणजे वाचणं, ही कल्पना मला फार आवडते. त्यामुळे चर्चच्या नोंदवहीतून कोणी काही ग्लीन केलं असं म्हणताना शेतापासून लांब गेल्यासारखं वाटतं, पण वाचणं आणि वेचणं त्या भाषांत आधीपासून शेजारीच राहतात.

आता फरक. गॅदर म्हणजे नुसतं एकत्र करणं, फुलं करा, माणसं करा, माहिती करा. गार्नर हा कोठाराचा शब्द आहे, लॅटिन ग्रानारियुम म्हणजे धान्याचं कोठार, त्यामुळे गार्नर मध्ये साठवणूक आहे, भरपूर येणं आहे, म्हणून मतं गार्नर करतात, पाठिंबा गार्नर करतात. ग्लीन मध्ये कोठार नाहीच. इंग्रजीतलं 'कल' हे क्रियापद वेगळं, त्यात निवडून बाजूला काढणं आहे. थोडक्यात खळ्यावरची रास कोठारात गेली की गार्नर, आणि रिकाम्या रानात वाकून जे मिळालं ते ग्लीन.

त्याच खळ्यावरची बाकीची क्रियापदंही इंग्रजीत अशीच अलंकारिक झालीत. विनो म्हणजे उफणणे किंवा वारवणे, तो शब्द विंडवरूनच आलाय, आता शंभर अर्जांतून दहा उमेदवार 'विनो' करतात. सिफ्ट म्हणजे चाळणे, तो चाळणीच्या सिव्ह शब्दाचा भाऊ, पुरावे सिफ्ट करतात. थ्रेश म्हणजे मळणी, झोडपणी, 'थ्रॅश' त्याचंच दुसरं रूप. आपल्याकडे मात्र उफणणे फक्त उफणणेच राहिलं, पाखडणे थोडंसं वादविवादात आलं, आणि सरवा तर रानाबाहेर आलाच नाही.

जोसेफिन_नगर

शब्दखूण दादा, सरवा रानाबाहेर आला नाही असं म्हणू नका, आमच्या घरी तो दर वर्षी वाचला जातो 🙂

मराठी बायबलमध्ये सरवा हाच शब्द आहे. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नकोस आणि सरवा वेचू नकोस, द्राक्षमळ्यातली गळलेली फळंही उचलू नकोस, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. अनुवाद पुस्तकात तर असंही आहे की पेंढी शेतात विसरून आलास तर ती आणायला परत जाऊ नकोस, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. म्हणजे तिथे सरवा ही दया नाही, हक्क आहे, मालकाने वेचायचाच नाही अशी बंदी आहे.

आणि रूथची गोष्ट तर अख्खी सरव्यावरच उभी आहे. रूथ मवाबी, म्हणजे परदेशी, नवरा मेलेला, सासूबरोबर बेथलेहेमला येते ती सातूच्या हंगामाच्या सुरुवातीला, आणि सासूला म्हणते मला सरवा वेचायला जाऊ द्या. ती जाते ते बवाजाचं शेत निघतं. बवाज आपल्या गड्यांना सांगून ठेवतो की हिला हटकू नका, उलट पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली पडू द्या. संध्याकाळी ती वेचलेलं झोडते तर एफाभर (एफा म्हणजे धान्याचं जुनं माप) सातू निघतो, एवढा सरवा एका दिवसात मिळत नाही, म्हणून तर सासू विचारते की आज कुठे वेचलंस. पुढे त्या दोघांचं लग्न होतं आणि दावीद राजा त्यांचा पणतू.

माझी आजी संगमनेर भागातली, तिने स्वतः बाजरीचा सरवा वेचलेला होता, त्यामुळे ही गोष्ट ती अशी सांगायची की आम्हाला लहानपणी बेथलेहेम आमच्या गावाच्या पलीकडेच कुठेतरी आहे असं वाटायचं. ती सांगायची मुद्दाम कणसं टाकणारे मालक आमच्याकडेही होते, तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण गड्याला म्हणायचे कड सोड जरा.

सांगायचं कारण, मृण्मयी, तुझ्या लेखातल्या बाईने चर्चमध्ये ही गोष्ट नक्की ऐकलेली असणार. तिच्यासाठी ग्लीन हा शब्द रानातला पण होता आणि बायबलमधला पण.

सफोकहून_समीर

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहतो आणि हा विषय निघाल्यावर न लिहिणं शक्यच नाही, कारण या शब्दावरचा सगळ्यात प्रसिद्ध खटला इथलाच आहे. मृण्मयी, तुझा लेख अठराव्या शतकातला असेल तर तुला हे लागेलच.

टिमवर्थ म्हणून एक लहानसं गाव आहे इथे. तिथे १७८७ मध्ये मेरी हॉटन नावाच्या बाईने जेम्स स्टील या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचला, त्याने तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर अतिक्रमणाचा दावा लावला. तो लंडनच्या कोर्ट ऑफ कॉमन प्लीजपर्यंत गेला आणि १७८८ मध्ये निकाल लागला की सरवा वेचण्याचा कोणालाही कॉमन लॉ प्रमाणे, म्हणजे रूढी आणि जुन्या निकालांवर चालणाऱ्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे, हक्क नाही. बाईच्या बाजूने जोसेफिनताईंनी सांगितलेल्या त्याच लेवीय पुस्तकाचा आधार दिला होता, त्यावर उत्तर मिळालं की मोशेचे नियम इंग्लंडला बंधनकारक नाहीत, आणि असा हक्क मानला तर मालमत्तेच्या कल्पनेलाच धक्का बसतो. चार न्यायाधीशांपैकी एकटे गोल्ड विरुद्ध गेले, त्यांचं म्हणणं होतं की ही जुनी रूढी आहे आणि ती मोडू नये.

पण कागदावर हक्क गेला तरी खेड्यात सरवा थांबला नाही, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पुढे शंभर वर्षं आणि जास्तच बायका जात राहिल्या, आणि त्यांनी स्वतःचे नियम लावून घेतले. बऱ्याच गावांत सकाळी चर्चची घंटा वाजायची तेव्हा सगळ्यांनी एकदम रानात शिरायचं आणि संध्याकाळी घंटा झाली की निघायचं, म्हणजे ज्या बाईच्या घरी तान्हं मूल आहे तिला पण तेवढाच वेळ मिळावा. तिला 'ग्लीनिंग बेल' म्हणतात. काही ठिकाणी एका बाईला सरव्याची राणी नेमायचे, ती शिस्त बघायची. आणि शेतकऱ्याचं काम संपलं नसेल तर तो रानात एक पेंढी उभी ठेवायचा, ती पेंढी उभी असेपर्यंत कोणी आत जायचं नाही, तिला इथले लोक 'पोलिसमन' म्हणायचे. वेचलेला गहू गिरणीत दळून आणला की हिवाळ्यातली बरीचशी भाकरी त्यातून निघायची, त्यामुळे मजुराच्या घरात सरव्याचे आठवडे फार महत्त्वाचे असायचे, आणि ती कमाई जवळजवळ सगळी बायकांची आणि मुलांची होती.

मग यंत्रं आली आणि रानात मागे राहायचंच कमी झालं. योगायोग बघा, अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९२३ साली ज्या कंपनीने कापणी-मळणीचं यंत्र काढलं तिने त्याला नावच दिलं 'ग्लीनर', आणि ते घेतलं होतं फ्रेंच चित्रकार मिले याच्या १८५७च्या चित्रावरून. ते चित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे, तीन बायका, दोघी पूर्ण वाकलेल्या, एक अर्धी, मागे दूर उन्हात मालकाच्या गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम. मी ते प्रत्यक्ष पाहिलंय. रानवाटताई, तुमच्या आईचं वाक्य वाचल्यावर पहिलं तेच डोळ्यासमोर आलं.

आता हा शब्द इकडे परत शेतात आलाय. सुपरमार्केटला आकार पसंत नाही म्हणून कोबी, सफरचंदं रानात तशीच सोडतात, ती शेतकऱ्याच्या परवानगीने वेचून गरजूंना द्यायची, त्याला ग्लीनिंगच म्हणतात. मी दोनदा जाऊन आलोय, अर्ध्या दिवसात पाठ धरते. अमेरिकेत तर १९९६ च्या अन्नदानाच्या कायद्यात 'ग्लीनर' या शब्दाची व्याख्याच केलेली आहे.

वि_ना_सर

चर्चा वाचून फार आनंद झाला. मी निवृत्त संस्कृत शिक्षक, वय ७४, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

या कामाला संस्कृतमध्ये दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे इथे यायला हवं. उञ्छ म्हणजे एकेक दाणा टिपणं आणि शिल म्हणजे दाण्यांसकट कणसं उचलणं. दोन्ही मिळून शिलोञ्छ. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कसं जगावं ते सांगताना या वृत्तीला 'ऋत' म्हटलंय आणि मागून आणलेल्या भिक्षेला 'मृत'. म्हणजे मागण्यापेक्षा वेचणं वरचं. वैशेषिक दर्शनाचे कणाद, त्यांच्या नावाचा अर्थच कण खाणारा, आणि ते रानातले कण वेचून जगत अशी परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली मुंगसाची कथा पुष्कळांना माहीत असते, पण तो ब्राह्मण जगत कशावर होता हे लक्षात राहत नाही. युधिष्ठिराचा अश्वमेध झाल्यावर अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस येतं आणि म्हणतं, हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या उञ्छवृत्तीच्या ब्राह्मणाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाच्या बरोबरीचा नाही. दुष्काळात त्या कुटुंबाने वेचून वेचून प्रस्थभर यव, म्हणजे सातू, मिळवला होता, त्याचं पीठ केलं, चौघांनी वाटून घेतलं आणि जेवायला बसणार तोच अतिथी आला, चौघांनी आपापला वाटा त्याला दिला. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. जोसेफिनताईंची रूथ पण सातूच वेचते. माझ्या मनात ही दोन्ही सातूची रानं आज पहिल्यांदा शेजारी आली, त्याबद्दल ताईंचे आभार.

एक मराठीचा मुद्दा. 'वेचणे' ही मराठीत दोन क्रियापदं आहेत, ती एकच समजू नयेत. फुलं वेचणे, सरवा वेचणे हे विचि या धातूचं, ज्याच्या घरात चयन, संचय हे शब्द आहेत. आणि 'आयुष्य वेचले' मधलं वेचणे हे व्यय वरून, म्हणजे खर्च करणे, खर्चवेच मधला वेच तोच. एकात हातात येतं, दुसऱ्यात हातातून जातं. भाषांतरात 'तिने वेचलेले क्षण' असं लिहिलं तर वाचणारा दोन्हीकडे जाऊ शकतो, तेवढं जपावं.

आणि शब्दखूण यांना नम्रपणे सांगतो की वेचण्याचा शब्द आपल्याकडेही वाचण्याच्या प्रांतात आलेला आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये जुन्या मराठी कवितेचा जो संग्रह केला त्याचं नावच 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे' असं आहे. पाठ्यपुस्तकात आम्ही 'गद्य वेचे' शिकवलेले आहेत. इंग्रजीत ज्याला अनेकवचनी 'ग्लीनिंग्ज' म्हणतात त्याला 'वेचे' याहून चांगला शब्द मला दिसत नाही.

शब्दखूण

सर, वेचे डोळ्यासमोर असून दिसला नाही, मान्य आणि मनापासून आभार. जमैकात १८३४ पासून चालू असलेलं एक दैनिक आहे, त्याचं नाव 'द ग्लीनर', बातम्या वेचून आणणारा या अर्थाने, ते पण याच घरातलं.

मृण्मयी, प्रत्यक्ष भाषांतरासाठी दोन गोष्टी. माहितीच्या संदर्भात ग्लीन आलं की त्यात बहुतेक वेळा असं असतं की ती माहिती कोणी सरळ दिलेली नाही, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदात ती इकडे तिकडे पडलेली होती. पॅरिश रजिस्टर लिहिणाऱ्याला त्या बाईचं चरित्र लिहायचं नव्हतं, त्याला फक्त बाप्तिस्मा, लग्न, दफन याच्या तारखा टाकायच्या होत्या. त्यातून कोणीतरी तिची मुलं किती, कोणती जगली, नवरा कधी गेला हे वेचलं. म्हणून 'वेचून काढणे', 'टिपणे', 'कणकण जमवणे' हे जवळचे. टिपणे मला विशेष बरं वाटतं कारण पाखरू दाणे टिपतं आणि आपण मुद्दे पण टिपून घेतो.

पण सगळीकडे ते चालवू नका. बोलताना कोणी म्हणतं, "फ्रॉम व्हॉट आय कुड ग्लीन", तिथे वेचणं बिचणं आणलं तर विचित्र वाटेल, "मला जेवढं कळू शकलं त्यावरून" हेच बरोबर.

कविता_शिं

मी फक्त वाचत होते पण एक राहवत नाही. शहरात हा शब्द 'कचरावेचक' मध्ये आहे ना. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, मी कॉलेजात असताना त्यांच्या काही बायकांशी बोलायला जायचे. आधी लोक त्यांना काहीही नावं ठेवायचे, वेचक हा शब्द आला तेव्हा कामाला कामाचं नाव मिळालं. दुसऱ्याने टाकलेल्यातून उपयोगाचं एकेक बाहेर काढायचं, वाकून, दिवसभर, आणि त्यावर घर चालवायचं, ते मला सरव्याहून वेगळं वाटत नाही. तिथेही तोच वाद आहे की टाकलेलं कोणाचं. समीर यांनी सांगितलेला खटला वाचताना मला त्याच बायका आठवत होत्या.

रानवाट

कविता, अगदी खरंय.

अजून एक शब्द देऊन ठेवते, मृण्मयीताईंना कुठे लागला तर. खळ्यावर मळणी उफणणी सगळी झाली, रास भरून नेली, की खळ्याच्या मातीत दाणे मिसळून राहतात, त्याला मातेरं म्हणतात. ते झाडून, पाखडून, पाण्यात निवळून आई दाणे काढायची. सरवा रानातला आणि मातेरं खळ्यावरचं. 'आयुष्याचं मातेरं झालं' असं सगळे म्हणतात पण त्या मातेऱ्यात दाणे असतात हे ज्याने निवडलंय त्यालाच माहीत.

आणि ते "टू ग्लीन विथ चिल्ड्रन" आहे ना लेखात, तिथे मुलांना सोडून देऊ नका हं भाषांतरात. लहान मुलांची उंची कमी म्हणून त्यांना कणसं आधी दिसतात, आई आम्हाला त्याचसाठी न्यायची.

मृण्मयी_के

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाहीये, मी एक शब्द विचारला आणि एवढं मिळालं. आज परत मूळ लेख काढून वाचला तेव्हा लक्षात आलं की लेखिकेने तोच शब्द दोन्हीकडे मुद्दाम ठेवलाय, आधी तिच्याबद्दलची माहिती ग्लीन केलेली आणि मग ती स्वतः ग्लीन करायला जाणारी. मी पहिल्याला 'गोळा केली' आणि दुसऱ्याला 'धान्य गोळा करायला जायची' केलं होतं, शब्द सारखे ठेवूनही दोन्ही वाक्यं निर्जीव झाली होती. मॅडमच्या रेघेचा अर्थ आत्ता कळला.

आता असं केलंय. पहिलं वाक्य: "तिच्याबद्दल आपल्याला जे थोडंफार कळतं ते चर्चच्या नोंदवहीतून एकेक करून वेचलेलं आहे." आणि पुढचं: "गव्हाची कापणी उरकली की दर ऑगस्टमध्ये ती मुलांना घेऊन सरवा वेचायला जायची." दोन्हीकडे वेचणं राहिलं, आणि सरवा फक्त रानात ठेवला. सरवा शब्दाला तळटीप देणार नाहीये, वाक्यातूनच कळतो असं वाटतंय, काल आईला नुसतं वाचून दाखवलं तर ती म्हणाली अगं तुझी पणजी पण जायची म्हणे सरव्याला, तिकडे सोलापूरकडे. हे मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

समीर, एक राहिलं. लेखात शेवटी ती घंटा पण येते. 'सरव्याची घंटा' केलं तर चालेल ना?

सफोकहून_समीर

चालेल काय, तेच ठेव.